पक्ष गेला, नंबरप्लेट राहिली

कॅनडातल्या कॅल्गरीहून दक्षिणेकडे निघालं की हमरस्त्याला लागून शेतकी सामानाचं एक मोठं दुकान लागतं. कुंपणाची तार, गुरांचं खाद्य, गुरांना चाटायला ठेवायच्या मिठाच्या विटा, चामडी तळव्याचे हातमोजे, आणि बाहेर पेट्रोल-डिझेलचे पंप. आम्ही बडोद्याची माणसं, गुरांशी संबंध दुधाच्या पिशवीपुरता. पण इथल्या थंडीत हातमोजे टिकतात ते याच दुकानातले, म्हणून वर्षातून एकदा जाणं होतं. दुकानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं यूएफए, म्हणजे युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टा. पहिली काही वर्षं मला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटत होतं. मग कळलं की हा एकेकाळचा राजकीय पक्ष. 1921 ते 1935 अशी सलग 14 वर्षं त्यानं हा प्रांत चालवला. आज तो हातमोजे विकतो.

गेल्या जानेवारीत त्या दुकानाबाहेर गाडीत बसलो होतो. इंजिन चालू ठेवलं होतं, कारण बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती. तेवढ्यात मामांचा फोन आला. इथे संध्याकाळचे सहा, तिकडे बडोद्याच्या दांडिया बाजारात सकाळचे साडेसहा. पहिला चहा झाला की मामांना जगाची काळजी सुरू होते.

त्या दिवशीची काळजी शेजारच्या मुलाची होती. चांगला शिकलेला, सव्वीस वर्षांचा पोरगा. महापालिकेची निवडणूक लढवायची म्हणतो, आणि तीही भाजप किंवा काँग्रेसकडून नाही, तिसऱ्याच पक्षाकडून. त्यावरून ओटला परिषद तापलेली. (बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी: घरापुढच्या ओट्यावर बसून निवृत्त मंडळी देशाचा कारभार पाहतात, त्या सभेला आमच्याकडे हे गुजराती नाव आहे. आम्ही मराठी घरांनीही ते जसंच्या तसं उचललं.)

"गुजरातमध्ये तिसरा पक्ष चालत नाही," मामा म्हणाले. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, उपमासुद्धा तिथलीच. "आपला माणूस मत टाकतानाही खातं बघतो. बुडीत खात्यात कोण टाकणार? तू तिकडे बसून लोकशाहीवर लिहीत असतोस, सांग त्याला समजावून."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि त्याला पुरावा नाही असं मी म्हणणार नाही. चिमणभाई पटेलांचं उदाहरण घ्या. आमच्याच बडोदे जिल्ह्यातला माणूस, सयाजीराव विद्यापीठाच्या विद्यार्थी राजकारणातून वर आलेला. 1974 मध्ये नवनिर्माण आंदोलनानं मुख्यमंत्रिपद गेलं, तेव्हा त्यांनी किसान मजदूर लोकपक्ष काढला. लोक त्याला किमलोप म्हणत. 1975 च्या निवडणुकीत किमलोपचे 12 आमदार आले आणि त्यांच्या टेकूवर बाबूभाई पटेलांचं सरकार उभं राहिलं. पुढे चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण ते 1990 मध्ये आणि जनता दलातून. तोवर किमलोप हे नाव फक्त जुन्या कात्रणांत उरलं होतं.

मात्र माझ्या पिढीला तिसरा पक्ष म्हटलं की एकच गोष्ट आठवते, खजुराहो.

1995 च्या मार्चमध्ये 182 पैकी 121 जागा जिंकून भाजपनं गुजरातेत पहिल्यांदा स्वबळावर सरकार आणलं. केशुभाई पटेल मुख्यमंत्री झाले. शंकरसिंह वाघेलांना, म्हणजे बापूंना, वाटत होतं की पक्ष वाढवला आपण आणि ताटावर बसले दुसरेच. सप्टेंबरच्या शेवटी बापूंनी 47 आमदार आधी गुजरातेतच एका ठिकाणी जमवले आणि मग विमानानं खजुराहोला नेले. मध्य प्रदेशात तेव्हा दिग्विजय सिंहांचं काँग्रेस सरकार होतं, म्हणजे भाजपच्या आमदारांची राखण काँग्रेसच्या पोलिसांकडे! महाराष्ट्रातल्या वाचकांनी 2022 मध्ये सुरत आणि गुवाहाटी पाहिलं, झाडी आणि डोंगारही पाहिले. आम्ही बडोदेकर तेव्हा जुन्या मुरलेल्या गिऱ्हाईकासारखे बघत होतो. हा खेळ आमच्याकडे सत्तावीस वर्षं आधी लागून गेला होता.

नवरात्र चालू होती. गरब्याच्या मध्यंतरात, पानाच्या गल्ल्यावर, दुसरा विषयच नव्हता. खजुराहोला गेले ते खजुरिया. केशुभाईंच्या हुजुरात राहिले ते हजुरिया. आणि जे दोन्हीकडे नव्हते, बिचारे नुसते राबत होते, ते मजुरिया. हे शब्द कुणी काढले कोण जाणे, पण अख्ख्या राज्यानं ते उचलले. आमच्या घरातही लगेच वाटणी झाली. काका खजुरिया, मामा हजुरिया. दसऱ्याला दोघंही श्रीखंड-पुरीच्या पंगतीला शेजारी शेजारी बसलेले आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. वाढता वाढता आत्या म्हणाली, "हजुरियांना पुरी हवी का, खजुरियांना हवी का ते सांगा. आम्ही बायका मजुरिया, उभ्या आहोत केव्हाच्या." सगळे हसले, काकासुद्धा. मामा मात्र हसले नाहीत.

पुढचं थोडक्यात. वाजपेयी मध्ये पडले, तडजोड झाली, केशुभाई गेले आणि सुरेश मेहता मुख्यमंत्री झाले. त्याच तडजोडीत संघटन मंत्री नरेंद्र मोदींना गुजरातबाहेर पाठवलं गेलं. त्यांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. 1996 च्या लोकसभेत बापू गोध्र्यातून पडले, ऑगस्टमध्ये पक्ष फुटला, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि 23 ऑक्टोबरला काँग्रेसच्या पाठिंब्यावर बापू मुख्यमंत्री झाले. पक्षाचं नाव राष्ट्रीय जनता पार्टी. वर्षभरात काँग्रेसनं त्यांना हटवायला लावलं आणि दिलीप पारिखांना बसवलं. 1998 च्या विधानसभा निवडणुकीत या पक्षाला अकरा टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि जागा मिळाल्या 4. त्यानंतर पक्ष काँग्रेसमध्ये विरघळला. सगळं मिळून दोन वर्षंही भरत नाहीत.

आता मामांचं बुडीत खातं. या सगळ्याला गुजराती माणसाचा स्वभाव जबाबदार, असं मामा म्हणतात. मला ते पटत नाही आणि त्याचं कारण मला परदेशात येऊन सापडलं. अल्बर्टात गुजराती स्वभाव नाही, निदान 1935 मध्ये तरी नव्हता. तरी इथे सोशल क्रेडिट या पक्षानं 1935 ते 1971 अशी सलग 36 वर्षं राज्य केलं. त्यानंतर प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह आले ते 44 वर्षं हलले नाहीत. एकाच पक्षाला पिढ्यान् पिढ्या निवडून देणं ही आमची मक्तेदारी नाही. व्यापारी वृत्ती वगैरे आपण मागाहून चिकटवतो. ओट्यावर बसून स्वतःच्या समाजाचा स्वभाव सांगणं हा मराठी माणसाचाही आवडता उद्योग आहे, फक्त त्यात आपण 'मराठी माणूस एकत्र येत नाही' असं म्हणतो.

खरं यंत्र कायद्यात होतं. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक फट ठेवलेली होती. एकतृतीयांश आमदार बाहेर पडले तर ते पक्षांतर नाही, ती 'फूट', आणि आमदारकी शाबूत. 121 चा तिसरा हिस्सा म्हणजे 41. बापूंकडे 47 होते. म्हणजे पक्ष काढायला कार्यकर्ते, शाखा, वर्गणी, जाहीरनामा यातलं काहीच लागत नव्हतं. 41 माणसं आणि एक विमान पुरत होतं. 2003 मध्ये घटनादुरुस्ती करून ही फट बुजवली आणि त्यानंतर आमदारांनी राजीनाम्याची वाट शोधली, तो वेगळा विषय. मला म्हणायचंय ते एवढंच की राष्ट्रीय जनता पार्टी मतदारानं बुडवली हे अर्धंच खरं. तिचा जन्मच सभागृहात झाला होता. गावात तिचं घर नव्हतं.

आणि ज्यांच्याविरुद्ध हे बंड झालं त्या केशुभाईंनी काय केलं? 2012 मध्ये त्यांनीही पक्ष काढला, गुजरात परिवर्तन पार्टी. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मामा खूष. इतकी वर्षं हजुरिया म्हणून टोमणे खाल्लेला माणूस, त्याला वाटलं आता हिशेब चुकता होणार. डिसेंबरात निकाल लागला, 182 पैकी 2 जागा. त्यातली एक स्वतः केशुभाईंची, विसावदरची. फेब्रुवारी 2014 मध्ये तो पक्ष भाजपमध्ये परत गेला. त्या वर्षी मी सुट्टीत घरी गेलो होतो. मामा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि काकांनीही विचारलं नाही. दोघांचंही खातं बुडालं होतं. खजुरियांच्या नेत्याचा एक छोटा पक्ष झाला आणि गेला, हजुरियांच्या नेत्याचाही झाला आणि गेला. बापू तर थांबलेच नाहीत. 2017 मध्ये जनविकल्प मोर्चा, आणि ऐंशी ओलांडल्यावर प्रजाशक्ती डेमोक्रॅटिक पार्टी. उत्साहाला दाद द्यायला हवी.

इथे यूएफएचं उलटं होतं. 1921 मध्ये शेतकऱ्यांच्या या संघटनेनं निवडणूक लढवली आणि अनपेक्षितपणे 61 पैकी 38 जागा जिंकल्या. आता मुख्यमंत्री कोणाला करायचं? संघटनेचे अध्यक्ष हेन्री वाइज वूड म्हणाले, मला नको. शेवटी हर्बर्ट ग्रीनफील्ड नावाच्या शेतकऱ्याला धरून बसवलं, आणि त्यांनी तर निवडणूकसुद्धा लढवली नव्हती. आधी राज्य मिळालं, मग माणूस शोधला. बडोद्याच्या ओट्यावर ही गोष्ट सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. 14 वर्षांनी, महामंदीच्या तडाख्यात, याच पक्षाला एकही जागा मिळाली नाही. 38 वरून शून्य. तरी संघटना संपली नाही, कारण तिची गावोगावची मंडळं होती आणि एकत्र खरेदी करण्याची सवय होती. सभासद आमदार निवडून आणू शकत नव्हते, पण एकत्र पेट्रोल विकत घेऊ शकत होते. ते पंप अजून चालू आहेत.

हे सगळं मी मामांना सांगितलं, गाडीतला हीटर फुल करून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आणि तो तुझा सोशल क्रेडिट? तो तर एका माणसाचाच होता ना? मागे तूच सांगितलं होतंस."

बँकवाल्यांची स्मरणशक्ती! बरोबर होतं त्यांचं. विल्यम एबरहार्ट हे शाळेचे मुख्याध्यापक आणि रेडिओवरचे धर्मोपदेशक. दर रविवारी अख्खा प्रांत त्यांचं प्रवचन ऐकायचा. 1935 मध्ये त्यांनी प्रत्येक प्रौढ माणसाला महिना 25 डॉलर देण्याचं वचन दिलं आणि 63 पैकी 56 जागा खिशात घातल्या. ते 25 डॉलर वचनाप्रमाणे कधीच मिळाले नाहीत. (आपल्याकडे निवडणुकीआधी खात्यात पैसे टाकण्याच्या योजनांवर भांडणारांनी हे लक्षात ठेवावं. शंभर वर्षं होत आली या युक्तीला.) तरीही पक्ष 36 वर्षं टिकला. 1971 मध्ये हरला, आणि 1982 पर्यंत विधानसभेतून पुरता पुसला गेला. तेव्हा माझ्या सिद्धान्ताला भोक आहे, हे मी मान्य करतो. रेडिओवरचा एक आवाजसुद्धा पक्ष चालवू शकतो. पण त्या आवाजाभोवती जागोजागी अभ्यासमंडळं होती, लोक शाळेच्या खोल्यांत बसून चलनाचे धडे घेत होते. धडे चुकीचे असतील, बसत होते हे खरं.

आणि इथलं सगळं सोवळं आहे असंही नाही. 17 डिसेंबर 2014 ला वाइल्डरोझ पक्षाच्या नेत्या डॅनिएल स्मिथ, म्हणजे साक्षात विरोधी पक्षनेत्या, आठ आमदारांना घेऊन सरकारी बाकांवर जाऊन बसल्या. अल्बर्टात पक्षांतरबंदी कायदा नाही, त्यामुळे खजुराहोला न्यायचीही गरज पडली नाही, समोरच्या बाकापर्यंत चालत जाणं पुरलं. ऑफिसात त्या दिवशी सगळे जण अशा चेहऱ्यानं फिरत होते, जणू असं जगात प्रथमच घडतंय. मी त्यांना खजुरिया-हजुरिया सांगितलं. एका सहकाऱ्यानं ते फळ्यावर लिहून ठेवलं, रोमन लिपीत, चुकीच्या स्पेलिंगसह. पाच महिन्यांनी निवडणूक झाली. त्या नऊ जणांपैकी एकही विधानसभेत परतला नाही, आणि 44 वर्षांचा सत्ताधारी पक्षही पडला. मला वाटलं, बघा, इथला मतदार हिशेब ठेवतो. मग 2022 मध्ये त्याच स्मिथबाई मुख्यमंत्री झाल्या. तेव्हापासून मी ऑफिसात मतदारांच्या शहाणपणावर बोलत नाही.

हिशेब ठेवणाऱ्या मतदाराची गोष्ट निघाली की बडोद्याचे 17 आठवतात. 1996 च्या लोकसभेत बडोद्यातून काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड 17 मतांनी निवडून आले. लाखोंचं मतदान आणि फरक 17. भाजपमध्ये खजुराहोची जखम ताजी होती, त्यामुळे कोण कुणासाठी मनापासून फिरलं नाही याच्या याद्या ओट्यावर तयार झाल्या. आमच्या वाड्यातली तीन मतं पडलीच नव्हती. आजीचा पाय सुजलेला, आत्या पुण्याला गेलेली, आणि मी, वय वीस, कलाभवनात इंजिनिअरिंग करणारा, परीक्षेचं निमित्त सांगून झोपून राहिलेला. मामा पुढे कित्येक महिने म्हणत, "सतरातले तीन या घरात झोपले होते." आजीचा पाय त्यांना माफ नव्हता.

इथे मी एकही निवडणूक चुकवलेली नाही. उणे पंचवीस असलं तरी जातो. त्याचं श्रेय कॅनडाला नाही, त्या तीन मतांना आहे.

तर शेजारच्या पोराला काय सांगायचं? मामांना अपेक्षा होती की मी 'नको रे बाबा' म्हणेन. मी त्यांना सांगोल्याचं उदाहरण दिलं. शेतकरी कामगार पक्ष म्हणजे तुमच्या हिशेबानं कधीच बुडायला हवा होता. पण गणपतराव देशमुख त्याच्या चिन्हावर सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. गुवाहाटीची झाडी आणि डोंगार ज्यांच्यामुळे घराघरात पोचले ते आमदारही याच सांगोल्याचे, आणि 2024 मध्ये त्यांना हरवलं ते गणपतरावांच्या नातवानं, शेकापच्याच तिकिटावर. राज्यभर पाहिलं तर शेकाप आता नखाएवढा आहे. पण जिथे त्याची मुळं आहेत तिथे तो उगवतो. पोरानंही आधी अशी मुळं धरावीत, यूएफएसारखी, सहकारातून, असं मी म्हटलं.

"सहकार!" मामा उसळून म्हणाले. "सहकार आम्हाला शिकवू नकोस. आणंद इथून तासाभरावर आहे. पण आमच्याकडे डेअरीतून पक्ष निघत नाही, पक्ष डेअरीत शिरतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आणंदवरून एक सांगायचं राहिलं. मागच्या सुट्टीत आम्ही तिकडे निघालो होतो. वासदजवळ महीचा पूल ओलांडला आणि पुढच्या गाडीची पाटी दिसली, जीजे 23. मी मामांना म्हटलं, ही बघा राष्ट्रीय जनता पार्टी. त्यांना आधी कळलंच नाही. आणंद पूर्वी खेडा जिल्ह्यात होतं. 2 ऑक्टोबर 1997 ला बापूंच्या सरकारनं पाच नवे जिल्हे केले, आणंद, दाहोद, नवसारी, नर्मदा आणि पोरबंदर. जीजे 20 ते 23 आणि 25, सगळ्या त्यांच्याच पाट्या. त्याच महिन्यात बापूंची खुर्ची गेली, पुढच्या मार्चमध्ये पक्ष गेला. जिल्हे राहिले. मुलाच्या जन्मदाखल्यावर 'जिल्हा आणंद' लिहिणाऱ्या किती जणांना हा पक्ष आठवत असेल? मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे खजुरियांनी काहीतरी केलं म्हणायचं." तीस वर्षांत खजुरियांबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव बरं वाक्य. ऐकायला काका नव्हते.

जानेवारीतल्या त्या फोनवर शेवटी मामांनी पोराच्याच हातात फोन दिला. तो ओट्यावर शेजारी बसून सगळं ऐकत होता, हे मला तेव्हा कळलं. आवाज एकदम मवाळ. म्हणाला, "काका, तुमच्या तिकडच्या त्या शेतकऱ्यांच्या पक्षाचं विचारायचं होतं. निवडणुका बंद झाल्यावर ते लोक भेटायचे कशाला?"

मी म्हटलं, "पेट्रोल घ्यायला. तार घ्यायला. मी आता त्यांच्याच दुकानातून हातमोजे घेऊन बाहेर पडलोय."

तो काहीतरी पुढे विचारणार होता, तेवढ्यात मामांनी फोन परत घेतला. "हातमोजे केवढ्याला मिळाले?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "रुपयात सांग."